ऑपरेशन, शुगर आणि छातीतला कफ : तारीख ठरल्यापासून टाके निघेपर्यंत काय करायचं

ऑपरेशननंतरची तिसरी रात्र. पित्ताशयाचं ऑपरेशन पोट उघडून करावं लागलेले एक काका, वय ६४, शुगरचे जुने पेशंट. दुपारी शुगर १६८, संध्याकाळी २१४, रात्री दहाला २८७. खाणं तेच, इन्सुलिन तेच, ताप नाही. बाहेरचं काही दिलं नाही, असं मुलगा शपथेवर सांगत होता. मी चादर बाजूला केली, घड्याळ धरलं आणि मिनिटभर पोटाच्या हालचालीकडे बघत श्वास मोजले. २८ भरले. सकाळच्या एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी पांढरा डाग दिसला. शेजारच्या लॉकरवर तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र होतं (श्वास आत ओढला की प्लास्टिकच्या गोळ्या वर जातात ते, स्पायरोमीटर), पिशवीतून बाहेरही न काढलेलं.

सर्जिकल वॉर्डात सिस्टर म्हणून ३१ वर्षं काढली, त्यात हा क्रम अनेकदा पाहिला. शुगर आधी चढते, ताप मागून येतो. कधी चढलेल्या शुगरमुळे छातीत जंतू माजतात, कधी छातीतल्या जंतूंमुळे शुगर चढते, आणि बहुतेकदा दोन्ही एकमेकांना ढकलत असतात. तरी घरचे लोक शुगरची वही वेगळी ठेवतात आणि खोकल्याकडे वेगळं बघतात. हा लेख पेशंटच्या उशाशी बसणाऱ्यांसाठी आहे. औषधाचे डोस डॉक्टरच ठरवतील. पण ऑपरेशननंतर न्यूमोनिया होऊ नये म्हणून जे करायचं असतं, त्यातलं बरंचसं घरच्यांच्या हातात असतं.

शुगर आणि छातीचा संबंध

पूर्ण भूल दिली की जवळपास ९० टक्के पेशंटच्या फुफ्फुसांचे काही भाग, विशेषतः तळाचे, मिटतात. पुढे चालणं-बोलणं, खोल श्वास, खोकला यांनी ते उघडतात. पण पोटावर टाके असतील तर माणूस दुखण्याच्या धास्तीने वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो. मग मिटलेल्या भागात कफ साचून राहतो. टाका जितका छातीच्या जवळ, तितका हा त्रास जास्त. दुर्बिणीच्या ऑपरेशनला तुलनेने कमी.

आता त्या साचलेल्या कफाशेजारी शुगर आणून ठेवा. रक्तातली शुगर चढली की जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. शिवाय श्वासनलिकेच्या आतल्या ओलाव्यात एरवी रक्ताच्या मानाने साखर अगदी कमी असते, साधारण दहावा हिस्सा. रक्तात ती वाढली की तिथेही झिरपते आणि जंतूंना आयतं खाणं मिळतं. २०२१ मध्ये कोविडनंतर काळ्या बुरशीने महाराष्ट्रात जो धुमाकूळ घातला, त्यामागे चढलेली शुगर आणि स्टेरॉइड ही जोडी होती, हे बऱ्याच घरांना आठवत असेल. जंतू वेगळा असला तरी फावण्याचं कारण तेच.

ज्यांना कधीच शुगर नव्हती त्यांचीही ऑपरेशननंतर चढते. शरीराला ऑपरेशन म्हणजे जखमच. कॉर्टिसोल, ॲड्रेनलिनसारखी संप्रेरकं उसळतात आणि यकृत साखर सोडतं. उलटी होऊ नये म्हणून भुलीच्या वेळी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, तेही दिवसभर शुगर वर ठेवू शकतं. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये हृदयाखेरीज इतर ऑपरेशनं झालेल्या ३,१८४ पेशंटची पाहणी प्रसिद्ध केली. ऑपरेशनच्या आगेमागे शुगर जास्त असलेल्यांत न्यूमोनियासह बरीच गुंतागुंत जास्त आढळली, आणि आधी मधुमेह माहीत नसलेल्यांना धोका अधिक होता. म्हणून ‘आमच्याकडे कुणाला शुगर नाही’ असं म्हणून निर्धास्त राहू नका.

तारीख हातात असेल तर

हर्निया, गुडघा, पित्ताशयातले खडे, गर्भाशय ही बहुतेक वेळा ठरवून केलेली ऑपरेशनं. तारीख पडली की पहिली तपासणी एचबीए१सी, म्हणजे लोक ज्याला ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात ती. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन ठरवून करायच्या ऑपरेशनला शक्य तिथे ८ टक्क्यांच्या खाली आणायला सांगते; ब्रिटनमध्ये ८.५ ही रेघ धरतात.

इथे एक गंमत सांगते. फिजिशियनकडे फिटनेसला जायच्या आधी तीन दिवस भात-भाकरी सोडायची, उपाशीपोटी शुगर ११० आणायची आणि ‘बघा नॉर्मल आहे’ म्हणून कागद पुढे करायचा, हा उद्योग भले भले करतात. ग्लुकोमीटर फसतो, एचबीए१सी फसत नाही, आणि फुफ्फुस तर नाहीच नाही. आकडा ९ किंवा १० आला आणि डॉक्टर म्हणाले ‘दीड-दोन महिने थांबू’, तर दुसऱ्या दवाखान्यात जाऊन लगेचची तारीख मिळवू नका.

मात्र खुब्याचं हाड मोडलं, आतडं अडकलं, अपेंडिक्स फुटलं, कॅन्सरची गाठ आहे, तर एचबीए१सीसाठी थांबत नाहीत. खुबा मोडलेल्या आजीला आठवडाभर पाठीवर झोपवून शुगर खाली यायची वाट बघत बसलं तर त्या झोपून राहण्यानेच छाती भरते. तिथे इन्सुलिनने तासातासाला शुगर आटोक्यात ठेवत ऑपरेशन करतात. डॉक्टर तसं म्हणाले तर ‘आधी शुगर कमी करा’ असा हट्ट धरू नका.

आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. त्यातल्या कितीतरी जणांना ते ऑपरेशनच्या टेबलाशी आल्यावर कळतं. चाळिशी उलटलेल्या माणसाची ही तपासणी डॉक्टरांनी लिहिली नसेल, तर आपण विचारावं.

बिडी, मिश्री, चूल आणि दात

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेलं सोपं आहे: ऑपरेशनच्या किमान ४ आठवडे आधी धूम्रपान सोडलं तर गुंतागुंत कमी होते, आणि पुढचा प्रत्येक आठवडा आणखी फायद्याचा. ‘आता दोनच दिवस राहिलेत, सोडून काय उपयोग’ असं म्हणणाऱ्यांनाही सोडायलाच सांगा.

आपल्याकडच्या बायका ‘मी तंबाखू घेत नाही’ असं भूलतज्ज्ञांना सांगतात आणि सकाळी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, तेव्हा तीही सांगायची. वीस-तीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या बाईची फुफ्फुसं बिडी ओढणाऱ्यासारखी झालेली असू शकतात. हे डॉक्टरांना एक्स-रेच्या आधी तुमच्या तोंडून कळायला हवं.

दातांकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. तोंडातले जंतूच लाळेबरोबर खाली उतरून न्यूमोनिया करतात. शुगरवाल्यांच्या हिरड्या आधीच सुजलेल्या असतात. वेळ असेल तर दातांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर रोज दोनदा दात घासायचे. उठता येत नसेल तर मऊ ब्रश आणि वाटी खाटेवर न्यायची. कवळी डबीत काढून ठेवली तरी हिरड्या पुसायच्याच. फ्लू आणि न्यूमोकोकस (न्यूमोनिया करणारा एक जंतू) यांच्या लसीबद्दलही याच वेळी विचारून घ्या.

यंत्र आधी शिकायचं, नंतर नाही

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागाचं ऑपरेशन होणाऱ्या ४४१ जणांवर एक चाचणी झाली, २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना फक्त माहितीपत्रक दिलं. उरलेल्यांना पत्रकाबरोबर फिजिओथेरपिस्टने ऑपरेशनच्या आधी अर्धा तास बसवून शिकवलं, की नंतर छाती का भरते आणि श्वास कसे घ्यायचे. छातीची गुंतागुंत पहिल्या गटात २७ टक्के, दुसऱ्यात १२. अर्ध्या तासाची शिकवणी, बाकी काही नाही.

कारण उघड आहे. भुलीतून उठलेला, दुखणाऱ्या पोटाचा, नाकात नळी असलेला माणूस नवीन काही शिकत नाही. घरी खुर्चीत बसून शिकलेलं मात्र त्याला आठवतं. म्हणून तीन गोळ्यांचं यंत्र आठवडाभर आधी आणा.

दहातले सात जण यंत्रात फुंकतात. फुंकायचं नाही, ओढायचं. ताठ बसा, आधी श्वास पूर्ण सोडा, नळी ओठांत घट्ट धरा आणि उसाचा रस स्ट्रॉने सावकाश ओढावा तसा श्वास आत घ्या. गोळ्या झटक्यात वर उडवणं म्हणजे शाबासकी नव्हे. एक किंवा दोन गोळ्या वर गेल्या आणि तीन सेकंद तिथेच राहिल्या तर ते तिन्ही उडवण्यापेक्षा चांगलं. मग नळी काढा, श्वास सोडा, थोडं थांबा. असे दहा. चक्कर आली तर थांबा, घाईने केलंय. घरी किती गोळ्या किती वेळ टिकतात ते वहीत लिहा. ऑपरेशननंतर तिथवर परत पोचायचं आहे.

नुसत्या यंत्राने न्यूमोनिया टळतो असं मात्र समजू नका, तेवढा पुरावा नाही. त्याच्या जोडीला खोकला, उठून बसणं आणि चालणं लागतंच. यंत्राचा मोठा उपयोग म्हणजे श्वास घ्यायची आठवण समोर दिसत राहते.

गोळ्यांची पिशवी

सगळ्या गोळ्या, पाकिटांसकट, एका पिशवीत घालून भूलतज्ज्ञांपुढे ओता. ‘शुगरची पांढरी गोळी’ एवढ्यावरून कुणाला काही कळत नाही.

एक नाव मात्र तुम्हीच शोधा. पाकिटावर डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन असं ‘ग्लिफ्लोझिन’ने संपणारं काही आहे का? या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. ऑपरेशनच्या वेळी त्या पोटात असल्या तर रक्तात आम्ल साचू शकतं, आणि फसवं म्हणजे शुगर फारशी वाढलेली दिसत नाही. म्हणून त्या साधारण ३ दिवस आधी बंद करतात, एर्टुग्लिफ्लोझिन ४ दिवस. स्वस्त झाल्यापासून डापाग्लिफ्लोझिन गावोगाव लिहिली जाते, कधी दुसऱ्या गोळीत मिसळूनही असते, म्हणून बारीक अक्षरं वाचा. हृदयासाठी म्हणून कुणी दिली असेल तरी सांगा.

मेटफॉर्मिन सहसा ऑपरेशनच्या दिवशी देत नाहीत. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर शुगर खाली कोसळते, त्याही सकाळी नाहीत. दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन बहुधा थोडं कमी करून चालू ठेवतात. टाइप १ वाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही त्यांनी, ते आपल्या मनाने कधीच पूर्ण बंद करायचं नाही. वजनासाठी किंवा शुगरसाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन चालू असेल तर तारीख ठरतानाच सांगा, त्याने पोट उशिरा रिकामं होतं. कोणती गोळी कधीपासून बंद, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

‘घोटभर चहा’

साधारण नियम असा: तळलेलं-मटणाचं जेवण ८ तास आधी, हलकं खाणं ६ तास आधी, नुसतं पाणी २ तास आधीपर्यंत. तुमच्या दवाखान्याने वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो खाण्यातच मोजतात. जुन्या शुगरने पोटाच्या नसा मंदावतात आणि सहा तासांपूर्वीचं अन्नही तिथेच असू शकतं. भुलीत ते वर येऊन श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनियाची सुरुवात ऑपरेशनच्या टेबलावरच. पहाटे पाचला पडद्याआड घोटभर चहा पिऊन ‘काही नाही घेतलं’ म्हणणारे एक आजोबा मला आठवतात. सुनेने रडत रडत खरं सांगितलं म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं. आजोबा आठ दिवस सुनेशी बोलले नाहीत. सुनेने योग्यच केलं होतं.

शुगरवाल्याचं नाव यादीत पहिलं ठेवता येईल का, हे आदल्या दिवशी विचारा. उपाशी राहायचा वेळ जितका कमी, तितकी शुगर कमी हेलकावते.

पहिले तीन दिवस : वही

एक वही, दोन रकाने. एकात शुगर आणि वेळ, दुसऱ्यात श्वास, ऑक्सिजन, ताप. शेजारी शेजारी लिहिलं की दिसतं.

ऑपरेशनच्या आगेमागे शुगर १०० ते १८० मध्ये ठेवतात. ‘अगदी ९० आणा’ असं म्हणू नका. २००९ च्या नाइस-शुगर या सहा हजारांवर पेशंटच्या मोठ्या चाचणीत अतिदक्षता विभागात शुगर ८१ ते १०८ इतकी घट्ट धरली, तर १८० च्या खाली ठेवलेल्यांपेक्षा जास्त मृत्यू झाले. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं तर लगेच सिस्टरला हाक मारा. ७० च्या खाली गेलेली शुगर चढलेलीपेक्षा लवकर जीव घेते. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात साखर कोंबू नका, ती छातीत जाईल.

बोट टोचायच्या आधी साबणाने धुवा. एका मावशींची शुगर ३४२ आली. उशाशी मोसंबीची सालं दिसली म्हणून हात धुवायला लावले आणि दुसरं बोट टोचलं, १८६. पहिल्या आकड्यावर इन्सुलिन दिलं असतं तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

सलाईनच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. ‘डीएनएस’ किंवा ‘डेक्स्ट्रोज ५ टक्के’ असेल तर अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे पाचेक चमचे. कधी ती इन्सुलिनबरोबर मुद्दाम लावलेली असते, तेव्हा स्वतः बंद करायची नाही, फक्त विचारायचं: ‘सिस्टर, यांना शुगर आहे, ही बाटली मुद्दाम आहे ना?’ चांगल्या सिस्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

आणि भेटायला येणारे. ग्लुकोजची बिस्किटं, खोक्यातला ज्यूस, शहाळं, प्रसादाचा पेढा. ‘ताकद यायला पाहिजे’ म्हणत सगळे ते पेशंटच्या तोंडाशी नेतात. ताकद डाळीच्या पाण्यात, अंड्यात, दह्यात, पनीरमध्ये असते, डॉक्टरांनी तोंडाने चालू केल्यावर. बिस्किटं भेटायला आलेल्यांनीच खावीत.

पहिले तीन दिवस : छाती

दुखण्याचं औषध मागायला लाजू नका. ‘सहन करतोय’ म्हणणारा माणूस श्वास घेत नसतो. औषध लागू पडलं की अर्ध्या तासाने यंत्र हातात द्या. जागेपणी दर तासाला दहा श्वास. रात्री मुद्दाम उठवायचं नाही, पण दुपारी टीव्ही बघताना सुटका नाही.

खोकल्याने टाके तुटतील ही सगळ्यात मोठी भीती. उशी किंवा घडी घातलेली चादर टाक्यांवर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरायची, तीन खोल श्वास, आणि मग चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसं तोंड उघडून ‘हाऽ’. दोन-तीनदा केलं की कफ वर येतो, तेव्हा एक खरा खोकला. कफ गिळायला लावू नका, वाटीत घ्या, रंग बघा.

खाटेचं डोकं ३० अंश वर. सपाट झोपवून पाणी पाजायचं नाही. बसवून, हनुवटी खाली ठेवून, घोट घोट. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवायचं, मग नळ्या धरून चार पावलं. ‘झोपू दे बिचाऱ्याला’ हे वाक्य मी वॉर्डात सगळ्यात जास्त ऐकलं, आणि नेहमी सगळ्यात प्रेमळ माणसाच्या तोंडून. बोस्टनमधल्या एका विद्यापीठ रुग्णालयाने श्वासाचं यंत्र, खोकला, तोंडाची स्वच्छता, पेशंटला समजावणं, खाटेवरून उठवणं आणि डोकं वर ठेवणं एवढंच नेमाने केलं आणि न्यूमोनियाचं प्रमाण २.६ वरून १.६ टक्क्यांवर आलं, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. यातल्या एकाही गोष्टीला महागडं मशीन लागत नाही.

रात्री दोनला सुद्धा हाक मारा, जर

श्वास मिनिटाला २४ च्या वर गेले. पेशंटला न सांगता मोजा, सांगितलं की तो श्वास बदलतो. ऑक्सिजन ९४ च्या खाली आला (बोट गार नाही, नेलपॉलिश नाही हे बघून, जुना दमेकरी असेल तर त्याचा नेहमीचा आकडा डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा). ताप १००.४ च्या वर गेला. कफ पिवळा, हिरवा किंवा गंजासारखा झाला. श्वास घेताना छातीत टोचू लागलं. आजी-आजोबांना तर ताप न येताही न्यूमोनिया होतो. काल नीट बोलणारा माणूस आज गोंधळलेला आहे, घास नको म्हणतो, एवढंच दिसतं.

आणि खाणं तेच, औषध तेच असताना शुगर दोन-तीन वेळा लागोपाठ चढली, तर नुसतं इन्सुलिन वाढवून घेऊन झोपू नका. ‘छाती ऐकता का’ असं म्हणा. दरवेळी छातीच निघेल असं नाही. कधी जखम असते, कधी लघवीची नळी, कधी नुसता स्टेरॉइडचा परिणाम. पण स्टेथोस्कोप लावायला दोन मिनिटं लागतात.

घरी आल्यावर

डिस्चार्जच्या कागदावर तीन गोष्टी लिहून घेतल्याशिवाय गाडीत बसू नका: कोणती गोळी कधीपासून पुन्हा सुरू, शुगर दिवसातून किती वेळा बघायची, आणि रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा. ‘ग्लिफ्लोझिन’वाली गोळी पेशंट नीट जेवू-पिऊ लागल्यावरच, डॉक्टरांना विचारून. इथे बऱ्याच घरांत जुनी पाकिटं परस्पर चालू होतात.

न्यूमोनिया घरी आल्यावरही होतो, म्हणून वही आणि यंत्र टाके निघेपर्यंत चालू ठेवा. धाप लागली, ओठ निळसर दिसले तर तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करा. यंत्राची तोंडात धरायची नळी रोज साबणाच्या पाण्याने धुवून वाळवा. आणि शेजारच्या काकूंचं पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे म्हणून ते त्यांना देऊ नका. काहीशे रुपयांत नवीन मिळतं. त्यांना काही द्यायचंच असेल तर तुमच्याकडे बसवून अर्धा तास ते कसं ओढायचं ते शिकवा.